दरड, घळ, सोंड : मंगळाच्या फोटोंवरून शिकलेली मराठी

मंडळी, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या मुलांना ‘दरड’ माहीत आहे का? शब्दकोशातला अर्थ नाही विचारत. ‘दरड’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहतं का, ते विचारतेय. तसंच घळ, सोंड, खिंड, कडा, सुळका, नाळ.

‘भूक लागली’, ‘झोप आली’, ‘अभ्यास कर’ एवढी मराठी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. घरात जे दिसतं त्याचे शब्द मुलांना आपोआप येतात. अडतं ते खिडकीबाहेर. जी गोष्ट खिडकीबाहेर नाहीच, तिचा शब्द मुलांनी आणायचा कुठून?

आमच्या खिडकीबाहेर काय आहे ते सांगते. आम्ही रुवैसला राहतो. अबूधाबी शहरापासून पश्चिमेला साधारण २४० किलोमीटर, सौदीच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुबईचे फोटो बघून यूएईची कल्पना केली असेल तर ती इथे कामाची नाही. एका बाजूला समुद्र, मग रिफायनरी, रात्री दिसणारी तिची ज्योत, कामगार-इंजिनिअरांची वसाहत, आणि त्यापलीकडे सपाट. नजर जाईल तिथपर्यंत सपाट. मिठाने कडक झालेल्या या जमिनीला इथले लोक ‘सबखा’ म्हणतात. जवळचा उंचवटा म्हणजे जेबेल धन्ना. ‘जेबेल’ म्हणजे डोंगर खरा, पण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याला डोंगर म्हणताना जरा जड जातं.

आता २०२१ चा जुलै आठवा. भारतातून यूएईला येणारी विमानं एप्रिलच्या शेवटापासून बंद होती. गेलो तर परत येता येईल की नाही, या भीतीने आमच्यासारखे कितीतरी जण त्या सुट्टीत गावी गेलेच नाहीत. माझं सासर भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे. २२ जुलैला घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. टीव्हीवर तेच, व्हॉट्सॲपवर तेच. सासूबाईंचा फोन काही लागेना. दुसऱ्या दिवशी लागला. सगळे सुखरूप होते.

सासूबाई नातीशी बोलल्या. “बाळा, वरच्या अंगाला सोंडेवरनं दरड आली गं. ओढ्याकडची वाट गेली सगळी. आपलं घर आहे नीट.”

लेक तेव्हा आठ वर्षांची. “ओके आजी, टेक केअर,” असं म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, “आई, सोंड म्हणजे हत्तीची ना? आजीकडे हत्ती आला होता?”

तेव्हा हसू आलं. रात्री मात्र झोप लागेना. आजी आपल्या आयुष्यातल्या एका अतिशय घाबऱ्या दिवसाबद्दल सांगत होती आणि नातीपर्यंत त्यातला फक्त हत्ती पोहोचला होता. दोघी एकाच भाषेत बोलत होत्या, बरं का.

समजावून सांगायला बसले तर शब्दाला शब्द लागायला लागला. दरड म्हणजे डोंगराचा कडा सुटून खाली येतो. कडा म्हणजे? डोंगराची एकदम तुटलेली बाजू. आणि डोंगराची बाजू म्हणजे? रुवैसमध्ये बोट दाखवायचं तरी कुठे? तिने डोंगर पाहिले होते ते चार वर्षांची असताना, गाडीच्या मागच्या सीटवर, अर्ध्या झोपेत. आणि तळीयेचे व्हिडिओ आठ वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखे नव्हते. मला एक अशी दरड हवी होती, जिच्याखाली कुणाचंही घर नाही.

ती मिळाली मंगळावर.

सांगते कशी. त्या वर्षी इथल्या मुलांच्या तोंडी ‘होप’ यानाचं नाव होतं. अरबीत ‘अल-अमल’, म्हणजे आशा. यूएईचं हे यान जुलै २०२० मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावरून निघालं आणि ९ फेब्रुवारी २०२१ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. दुसऱ्याच दिवशी २४,७०० किलोमीटरवरून त्याने मंगळाचा पहिला फोटो काढला. तो फोटो लेकीने वहीत चिकटवला होता. पिवळसर गोळा, त्याचा काही भाग काळोखात. उजेड आणि काळोख जिथे भेटतात, म्हणजे मंगळावर जिथे पहाट होते आहे, तिथे ऑलिंपस मॉन्स नावाचा ज्वालामुखी. जवळच ओळीने आणखी तीन : ॲस्क्रियस, पॅव्होनिस आणि आर्सिया.

एवढ्या वेळा बघितलेला फोटो मी त्या रात्री नीट बघितला. डोंगर होते की इथे! आमच्या सपाट गावात, वहीच्या पानावर, सूर्यमालेतला सगळ्यात उंच ज्वालामुखी पडलेला होता.

मग आम्ही दोघींनी एक खेळ सुरू केला. नासा, इस्रो आणि इथल्या मोहिमेने सगळ्यांसाठी खुले ठेवलेले मंगळाचे फोटो काढायचे आणि त्यात दिसेल त्या आकाराला मराठी नाव द्यायचं. हिंदी चालणार नाही, इंग्रजी चालणार नाही. मला शब्द अडला तर आजीला फोन. पुढे जे सांगतेय ते या खेळातून आम्हाला कळलेलं आहे. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, वरून काढलेला फोटो वाचायला शिकावं लागतं. आपण डोंगर समोरून बघतो, त्यामुळे उंची लगेच कळते. यान बघतं वरून. वरून बघितलं की डोंगर आणि खड्डा दोन्ही नुसते गोल. मग उंची कळते कशावरून? सावलीवरून. दुपारी बाराचं ऊन डोक्यावर असताना फोटो काढला तर सगळं सपाट दिसतं, आपल्या लग्नाच्या अल्बममधल्या फ्लॅश मारलेल्या चेहऱ्यांसारखं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते माहीत असेल आणि सावलीची लांबी मोजता आली, तर उंचीचं गणित करता येतं. सूर्य बरोबर ४५ अंशांवर असेल तर सावली उंचीएवढीच. हे आम्ही समुद्रकिनाऱ्यावर काठी रोवून करून बघितलं. मंगळाभोवती २००६ पासून फिरणारं नासाचं एक यान तर आपली कक्षा अशी राखून आहे, की खाली साधारण दुपारचे तीन वाजलेले असतानाच ते फोटो काढतं. सावल्या मिळाव्यात आणि उजेडही पुरावा म्हणून.

दुसरी गोष्ट मुलांना फार आवडते. विवराचा, म्हणजे उल्का आदळून झालेल्या खड्ड्याचा एखादा फोटो घ्या आणि मोबाइल उलटा धरा. खड्ड्याची टेकडी होते! उजेड नेहमी वरूनच येतो असं आपल्या मेंदूने गृहीत धरलेलं असतं. फोटोत ऊन खालच्या बाजूने आलं असेल तर तो फसतो. म्हणून मंगळाचा कुठलाही फोटो हातात आला की आमच्या घरी पहिला प्रश्न असतो, “ऊन कुठून येतंय?”

उन्हाने शास्त्रज्ञांनाही नाही, पण जगाला मात्र चांगलंच फसवलेलं आहे. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग-१ यानाने कक्षेतून काढलेल्या एका फोटोत माणसाचा चेहरा दिसला. डोळे, नाक, तोंड सगळं. तिरप्या उन्हातल्या सावल्यांचा खेळ आहे, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. तरी वर्षानुवर्षं लोक मंगळावरच्या माणसांच्या गोष्टी रचत राहिले. १९९८ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये दुसऱ्या यानाने जास्त बारकाईने फोटो काढले, तर तिथे निघाली सपाट माथ्याची, झिजलेली टेकडी. लेक म्हणाली, “म्हणजे आजीच्या अंगणातून दिसतो तसा किल्ल्याचा डोंगर.” आठ वर्षांच्या मुलीने केलेली ती तुलना मला अजून आवडते.

तिसरी गोष्ट अंतराची. फोटो म्हणजे शेवटी ठिपके, आणि एका ठिपक्यात किती जमीन मावते ते यान किती लांब आहे यावर ठरतं. होप मंगळापासून २०,००० ते ४३,००० किलोमीटर अंतरावर राहून दर ५५ तासांनी एक फेरी मारतं. त्याच्या कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात दोन ते चार किलोमीटर जमीन येते. म्हणजे आमची रुवैसची आख्खी वसाहत एक-दोन ठिपक्यांत संपली. पण त्याला एका नजरेत पूर्ण ग्रह दिसतो. ढग कुठे आहेत, धूळ कुठे उठली, पहाट कुठे झाली, सगळं.

आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोटाहून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. त्याची कक्षा खूप लांबट होती. जवळ यायचं तेव्हा साधारण ४२० किलोमीटरवर आणि लांब जायचं तेव्हा जवळजवळ ७७,००० किलोमीटरवर. त्यामुळे त्याच्या अहमदाबादला बनलेल्या रंगीत कॅमेऱ्याला दोन्ही जमायचं. लांबून पूर्ण गोळा, आणि जवळून एका ठिपक्यात साधारण वीस मीटर, म्हणजे आमची एक बिल्डिंग. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान सात वर्षांहून जास्त टिकलं. आणि मघाशी सांगितलेलं नासाचं यान ३०० किलोमीटरच्या आसपास खाली राहून एका ठिपक्यात पाऊण हाताएवढी जमीन बघतं. त्याला आमचं जेवणाचं टेबल दिसलं असतं.

कुठलं यान चांगलं, हा प्रश्न लेकीने विचारलाच. विचारणारच ना. तिचा पासपोर्ट भारताचा आणि शाळेतलं राष्ट्रगीत रोज दोन्हीकडचं. मी सांगितलं, लांबून बघणाऱ्याला आकार कळतो, जवळून बघणाऱ्याला वाट कळते, आणि नकाशा करायला दोन्ही लागतात. इस्रोने २०१५ मध्ये मंगळयानाच्या फोटोंचा ॲटलास काढला. २०२३ मध्ये होपच्या तीन हजारांहून जास्त फोटोंमधून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या अबूधाबी शाखेतल्या शास्त्रज्ञांनी मंगळाचा नकाशा तयार केला. तुझ्या दोन्ही घरांनी एकाच ग्रहाचे दोन नकाशे केलेत, असं तिला सांगताना मला स्वतःलाच बरं वाटलं.

आता शब्दांकडे येते. मंगळाची नावं मराठीत सांगायला मराठी पुरेल का, अशी मला शंका होती. पुरली. उरली सुद्धा. त्याचं कारणही आहे. सह्याद्री आणि मंगळाचा मोठा भाग एकाच जातीच्या दगडाचे, बेसॉल्टचे. आपला काळा कातळ. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर ओतत गेला आणि त्यातून आपलं दख्खन झालं. आपल्या लोकांनी शेकडो वर्षं त्याच दगडात वाटा काढल्या, किल्ले बांधले, गुरं चारली आणि प्रत्येक वळणाला शब्द दिला. ते शब्द मंगळावर बसले नसते तरच नवल.

ऑलिंपस मॉन्सच घ्या. रुंदी साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत पुण्यापासून नागपूरपर्यंत एकच डोंगर. उंची जवळपास २२ किलोमीटर. तेरा कळसूबाई एकावर एक ठेवा. पण चढ इतका मंद, की त्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण डोंगरावर आहोत हे कळणारही नाही. पालथी ठेवलेली ढाल म्हणा हवं तर. पायथ्याशी मात्र चहूबाजूंनी ‘कडा’ तुटलेला, काही ठिकाणी सहा किलोमीटर आणि त्याहून उंच. माथ्यावरच्या मोठ्या खळग्याला शास्त्रज्ञ ‘काल्डेरा’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द आहे, अर्थ मोठी कढई. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग काहील म्हणा की. गुऱ्हाळात असते ती.” झालं. आमच्या घरी ऑलिंपसच्या माथ्यावर काहील आहे.

मग व्हॅलेस मरिनेरिस. मंगळाची ही ‘दरी’ साधारण ४,००० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी सात किलोमीटर खोल. रुवैसहून मुंबई सरळ रेषेत २,१०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपण गावी जाऊन जवळजवळ परत आलो, तरी ती दरी चालूच. तिच्या भिंतींवर थर दिसतात. दोन घळींच्या मधून खाली उतरत जाणाऱ्या धारा दिसतात. त्या दिसल्या तेव्हा मी फोटोवर बोट ठेवून म्हटलं, “ही बघ सोंड. डोंगराची. हत्तीचं डोकं वर आहे असं समज आणि सोंड जमिनीकडे उतरलीय.” तिला ते पटलं. तेव्हापासून सोंड हत्तीचीही आहे आणि डोंगराचीही.

आणि तिथेच मिळाली दरड. या दरीतल्या ओफिर नावाच्या भागात प्रचंड दरडी कोसळलेल्या आहेत. व्हायकिंग यानांनी कक्षेतून काढलेल्या फोटोंत त्या स्पष्ट दिसतात. वर कड्याला अर्धगोल घास घेतल्यासारखी खूण, आणि खाली दरीच्या तळावर पंख्यासारखा पसरलेला राडारोडा. किती तरी किलोमीटर लांब. लेक बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, “आजीकडे अशी आली?” म्हटलं, “इतकी मोठी नाही. पण अशीच.” ती म्हणाली, “आणि खाली माणसं होती.” मी काही बोलले नाही. तिला कळलं होतं. शब्द कळला होता आणि त्याच्यातली भीतीही. त्या संध्याकाळी तिने स्वतःहून आजीला फोन लावला आणि विचारलं, “आजी, दरड आली तेव्हा आवाज आला का गं?” पुढचा अर्धा तास फोन माझ्याकडे आलाच नाही.

हा खेळ एकतर्फी झाला नाही, हेही सांगायला हवं. काही फोटोंत मी अडायचे आणि ती सांगायची. मंगळावर वाळूच्या टेकड्या भरपूर आहेत. चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी दिसली की ती लगेच सांगते, वारा कुठून कुठे वाहतो ते. कोरीची दोन्ही टोकं वाऱ्याच्या दिशेने पुढे गेलेली असतात. हे ती लिवाच्या वाळवंटात शिकलेली आहे, माझ्याकडून नाही. मिठाचे पांढरट सपाट पट्टे दिसले तेव्हा मी मराठी शब्द शोधत बसले. मिठागर म्हणावं तर ते माणसाने केलेलं. खाजण म्हणावं तर तिथे भरतीचं पाणी येतं. ती म्हणाली, “आई, सबखा म्हण ना. आपल्या घरामागे आहे तेच.” खरंच की. भूगोलाच्या जगाने तो शब्द अरबीतून जसाच्या तसा घेतलाय, आपण का नको? आमच्या मराठीत आता सबखा आहे. ज्या जमिनीवर मूल वाढतं तिचे शब्द त्याच्या मराठीत येणारच, त्याला भेसळ म्हणू नका. सह्याद्रीचे शब्द त्याच मराठीत राहिले म्हणजे झालं.

गंमत म्हणजे नावांच्या यादीत आपली गावंही निघाली. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या गावांची नावं द्यायची आंतरराष्ट्रीय खगोल संघाची पद्धत आहे. तिथे ‘पूना’ नावाचं विवर आहे, साधारण वीस किलोमीटर रुंद. ‘लोणार’ आहे. बुलढाण्याचं आपलं लोणार सरोवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं आहे, रुंदी १.८ किलोमीटर. मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला जातात, त्यामुळे तिथे ते नाव असणं रास्तच. आणि चक्क ‘भोर’ आहे! सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिथे तरी पाणी आहे का?”

२०२२ च्या डिसेंबरात अखेर गावी गेलो. वरंध घाटात कावळ्या किल्ल्यापाशी गाडी थांबवली. समोर कोकणाकडे उतरलेले कडे, त्यांच्यावर आडव्या थरांच्या रेघा, खाली दरी. सकाळचं ऊन तिरपं होतं. लेकीने आधी ऊन कुठून येतंय ते बघितलं, मग थर मोजायला सुरुवात केली. “आजी, ही बघ सोंड. ती घळ. आणि तिकडे जुनी दरड आलेली आहे, वर घास घेतलाय बघ.” मग म्हणाली, “हे अगदी मंगळासारखं आहे.”

सासूबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “अगं, मंगळ आपल्या घाटासारखा आहे म्हण. घाट आधी बघितलाय आपण.”

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण परदेशातली माणसं स्वतःलाच फार लावून घेतो. लांबून गाव छान दिसतं, जवळ गेलं की खड्डे दिसतात, वगैरे. मंगळाचे फोटो बघून मला वाटायला लागलंय, की लांबून बघण्यात वाईट काही नाही. किती लांबून बघतोय ते माहीत असावं, आणि अधूनमधून जवळ जावं. आपली मुलं गावापासून होपच्या अंतरावर वाढतायत. त्यांना आकार दिसतो : सण, आजी-आजोबा, आंबे, पाऊस. वाट दिसत नाही, ओढा दिसत नाही. वाटेचे आणि ओढ्याचे शब्द हातात दिले, तर जवळ गेल्यावर ते त्यांना ओळखू येतात. शब्दच नसेल तर समोर उभं राहूनही मुलाला नुसतं ‘माउंटन’ दिसतं, आणि आजी फोनवर काय सांगतेय ते कळत नाही.

घरी करून बघायचं असेल तर आमचा अनुभव देते :

१. रोज एकच फोटो, दहा मिनिटं. आधी विचारा ऊन कुठून येतंय. मग खड्डा की टेकडी. मग मराठी नाव. तीन शब्दांच्या वर जाऊ नका, मुलं पळतात.

२. अंकांचं चित्र करा. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाच्या जवळून गेलं, तेव्हा एक फोटो पृथ्वीवर यायला आठ तास लागत होते. संगणकाने चित्र तयार करेपर्यंत तिथल्या इंजिनिअरांना धीर निघेना. त्यांनी आलेल्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर लावल्या आणि प्रत्येक आकड्याला एक रंग ठरवून हाताने खडूंनी रंगवल्या. जवळून काढलेलं मंगळाचं पहिलं चित्र असं, लहान मुलं रंगवतात तसं रंगवलेलं आहे. चौकटींच्या वहीत आकडे लिहून द्या आणि मुलांना रंगवू द्या. आकडे अर्थातच मराठीत म्हणायचे. एकोणचाळीस आणि एकोणपन्नासचा गोंधळ आपोआप सुटतो.

३. धुळीचं वादळ आलं की मरिनर-९ ची गोष्ट सांगा. आखातात राहणाऱ्यांना ही संधी वरचेवर मिळते. दुसऱ्या ग्रहाच्या कक्षेत शिरलेलं हे पहिलं यान. नोव्हेंबर १९७१ मध्ये पोहोचलं आणि बघतं तर काय, सगळा मंगळ धुळीखाली! फक्त चार काळे ठिपके वर आलेले. शास्त्रज्ञ थांबले. धूळ बसत गेली तसं कळलं, की ते चार ज्वालामुखींचे माथे आहेत. होपच्या पहिल्या फोटोत आहेत तेच चार. पुढे त्या यानाने ७,३२९ फोटो पाठवले, कोरड्या पडलेल्या नद्यांची पात्रंही त्यांत सापडली. आमच्याकडे शमाल सुटून समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली की लेक म्हणते, “थांबू या, माथे दिसतील.”

४. अडलेला शब्द गुगलला विचारू नका, आजी-आजोबांना विचारा. त्यांना विचारण्यासारखं आपल्याकडे फार थोडं उरलंय, असं त्यांना वाटत असतं. डोंगरातून वाहून आलेल्या पाण्याने पडलेल्या अरुंद, उभ्या वाटेला काय म्हणतात, हे मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “नाळ.” मग जरा थांबून म्हणाले, “त्या वाटेने घाटाखालची माणसं वर येतात-जातात.”

आता तुमची पाळी. न्यू जर्सीत असा, सिंगापूरला असा नाहीतर आमच्यासारखे वाळवंटात. तुमच्या खिडकीबाहेर नसलेला, आणि मुलांच्या तोंडून गेलेला एक मराठी शब्द खाली लिहा. डोंगराचा असो, शेतीचा असो, पावसाचा असो. आम्ही तो घरी मोठ्याने वाचू. मंगळावर सापडला, तर फोटो नक्की पाठवू.